एकशे बेचाळीस पायऱ्या

गेल्या महिन्यात माझ्या ऑफिसात एक सत्तरीचे गृहस्थ मुलाबरोबर आले होते. युरोपची ट्रिप ठरवायची होती. मुलगा कामाचा कॉल घ्यायला बाहेर पार्किंगमध्ये गेला, तशी त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगायचं होतं. मध्यंतरी दोनदा चक्कर येऊन गेली. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. पण मुलाला काही बोलू नका हं."

मी उठले, दार सताड उघडलं आणि शेजारच्या किराणा दुकानातल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अरे समीर, आत ये आधी! तुझ्या बाबांना चक्कर येते!"

गृहस्थ लालबुंद झाले. "काय बाई तुम्ही! तोंडात तीळ भिजत नाही तुमच्या!" असं म्हणून तरातरा निघून गेले. त्यांनी बुकिंग दुसरीकडे केलं, असं नंतर कळलं. करू देत. समीरने दुसऱ्या दिवशी फोन करून बाबांची कार्डिऑलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतल्याचं सांगितलं, तेवढं मला पुरे आहे.

एके काळी माझ्या तोंडात तीळ भिजायचा. चांगला चार वर्षं भिजला. त्याचीच ही गोष्ट.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाई मागे लागल्या, तेव्हा म्हणाल्या होत्या, "मावशी, तुमच्याकडे गमतीजमती किती असतील! तेवढ्या लिहा." गमतीजमती आहेतच. सव्वीस वर्षं इथे परदेशात, कॅरी गावात बसून आपल्या लोकांना जगभर पाठवते आहे, तर गमती होणारच. पण लिहायला बसले की हेच पुढे येतं. हे आधी लिहून टाकल्याशिवाय बाकीचं सुचणार नाही. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारलं, तर त्याने मेसेजवर एकच शब्द पाठवला, "लिहा." नावं मात्र सगळी बदलली आहेत.

आधी माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की ट्रॅव्हल एजंट म्हणजे तिकिटं काढणारी बाई. तिकिटं आता शेंबडं पोरही फोनवर काढतं. मी सुरुवात डायनिंग टेबलावरून केली तेव्हा लोक तिकिटासाठी यायचे, आता येतात ते डोकं शांत ठेवण्यासाठी. आईबाबांचा युरोपचा शेंगेन व्हिसा कुठून काढायचा, दोन विमानांमध्ये किती वेळ ठेवायचा, आजीला व्हीलचेअर लागेल हे एअरलाइनला कसं सांगायचं, ही माझी कामं. व्हिजिटर व्हिसावर इथे आलेल्या आईबाबांना इथून शेंगेन बहुधा मिळत नाही, तो भारतातूनच घेऊन यावा लागतो, हे मी दर उन्हाळ्यात निदान वीस जणांना सांगते आणि त्यातले पाच जण तरी "अरे यार!" म्हणून कपाळाला हात लावतात.

आणि सगळ्यांना जायचं असतं सॅन्टोरिनीला. आल्या आल्या फोन पुढे करतात. तोच फोटो. पांढरी घरं, निळा घुमट, खाली समुद्र. "मावशी, असं पाहिजे." तो घुमट चर्चचा आहे, तिथे राहता येत नाही, आणि फोटो काढायला त्या गल्लीत पाऊण तास रांग असते, हे सांगितलं की चेहरे पडतात. एक बाई खास त्या घुमटाच्या निळ्या रंगाच्या पैठणीचा गाउन शिवून घेऊन गेल्या होत्या. एका कुटुंबाने मी नको नको म्हणत असताना बॅगेत कुकर नेला आणि पहिली शिट्टी झाल्यावर हॉटेलची माणसं जिन्यावरून धावत आली. एका इंजिनिअरसाहेबांनी दर पंधरा मिनिटांचं एक्सेल केलं होतं, त्यात सूर्यास्ताला तीन रकाने होते. बेटावर पिवळ्या डाळीचं घट्ट वरण मिळतं, त्याला ते फावा म्हणतात, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांचा जीव त्यावर निभतो. त्यामुळे माझ्या प्रत्येक कागदावर फावा अधोरेखित असतो.

पण त्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही. पायऱ्या. सॅन्टोरिनी म्हणजे फुटलेल्या ज्वालामुखीची उरलेली उभी कड. रस्ता कड्याच्या माथ्यावर, आणि ती सुंदर हॉटेलं कड्याच्या पोटात कोरलेली. गाडी वर थांबते. तिथून खोलीपर्यंत पायऱ्या, अरुंद, वाकड्यातिकड्या, कुठे वीतभर उंच तर कुठे हातभर. सामान उचलायला माणसं असतात. माणसाला उचलायला कोणी नसतं. आणि आपल्या सवयीच्या उलट आहे सगळं. गडावर आधी चढायचं असतं, दमलं की परत फिरता येतं. इथे आधी उतरायचं, हसत हसत. चढायचं ते निघायच्या दिवशी.

म्हणून माझा एक नियम होता आणि अजूनही आहे. बरोबर साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना ऑफिसात घेऊन यायचं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कड्यावरची खोली देत नाही. चार वर्षांपूर्वी निखिल जाधव त्याच्या आईवडिलांना घेऊन आला तो याच नियमाने.

निखिल इथल्या एका औषध कंपनीत आहे. बायको अदिती, मुलगी रिया तेव्हा दहा वर्षांची. वडील साताऱ्याला शाळेत पीटीचे सर होते. पाठ ताठ, मिशा पांढऱ्या, बोलणं म्हणजे मैदानावरची ऑर्डर. मी त्यांना सर म्हणायला लागले आणि त्यांच्या पत्नींना वहिनी. दोन महिने निखिलकडे राहून झाले होते. शेवटी सगळे मिळून ग्रीसला जाणार, आणि अथेन्सहून आईबाबा परस्पर मुंबईला, बाकीचे परत इकडे रालेला, असा बेत होता. शेंगेन साताऱ्याहून निघण्यापूर्वीच घेतलेला. इतकं व्यवस्थित गिऱ्हाईक मला क्वचित मिळतं.

निखिलने हॉटेल आधीच पसंत केलं होतं. कड्याच्या पोटात, खालच्या अंगाला. मी हॉटेलला फोन करून पायऱ्या विचारल्या. एकशे बेचाळीस.

"निखिल, आईबाबांना जमेल का?" मी विचारलं.

तो हसलाच. फोन काढून म्हणाला, "मावशी, हे बघा. हा माणूस रोज सकाळी अजिंक्यतारा चढतो. रोज! मला गॅरेजचा जिना चढून धाप लागते." फोनवर फोटोच फोटो. गडाचा दरवाजा, गडावरून दिसणारं सातारा शहर, डोक्याला लाल टोपी घातलेले सर. दर सकाळी एक फोटो आणि खाली 'सुप्रभात.' "बाबांची काळजी नाही. आईचे गुडघे थोडे आहेत, पण ती हळूहळू येईल."

सर मिशीतल्या मिशीत हसत होते. वहिनी मात्र माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

मग निखिलचा फोन वाजला, ऑफिसचा. "दोन मिनिटं हं मावशी," म्हणून तो बाहेर गेला. मी नेहमीसारखा औषधांचा कागद पुढे घेतला. कोणती औषधं चालू आहेत ते मी विचारतेच, कारण ती चेक-इनच्या बॅगेत टाकायची नसतात. सरांनी एकदा दाराकडे बघितलं.

"ताई, तुम्हाला खरं सांगतो. दोन स्टेंट आहेत. दोन वर्षं झाली."

"आणि निखिलला?"

"त्याला माहीत नाही. सांगायचंही नाही."

"अहो सर, पण अजिंक्यतारा..."

"बंद आहे. ते फोटो जुने आहेत." शाळेत खोडी पकडली गेलेल्या पोरासारखा चेहरा केला त्यांनी. "सात-आठशे काढून ठेवलेले होते. रोज एक पाठवतो. टोपी एकच आहे म्हणून बरं."

मला तेव्हा हसू आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं.

वहिनी म्हणाल्या, "मी म्हणते सांगून टाका. ऐकतच नाहीत."

"काय सांगू?" सर त्यांच्याकडे वळले. "त्याची ग्रीन कार्डची फाईल अर्ध्यात आहे. उद्या कळलं की बापाचं हृदय असं झालंय, तर सगळं टाकून साताऱ्याला येऊन बसेल. तसाच आहे तो. मग काय करणार तिथे? माझ्या पायी पोराचं आयुष्य मागे न्यायचं?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पायऱ्या किती म्हणालात?"

"एकशे बेचाळीस."

"उतरायच्या की चढायच्या?"

"जाताना उतरायच्या. निघताना चढायच्या."

"मग झालं तर. एकदा उतरलो की तीन दिवस खालीच समुद्र बघत बसतो. निघायच्या दिवशी एकदाच काय ते चढायचं. सावकाश चढेन. शब्द द्या, ताई, त्याला बोलणार नाही."

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? आज सगळे सांगतील. पण आपल्याकडे हे घरोघरी चालतं. मुलं परदेशात, आईबाप तिकडे, आणि मधे फोनवर सगळं 'मजेत.' तिकडे आजोबा आयसीयूत असतात आणि मुलाला सांगतात की मोबाइल बिघडलाय. मुलगी इथे ऑपरेशन टेबलावर असते आणि आईला सांगते की ट्रेनिंगला चाललेय. माझ्या स्वतःच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, ते मला दोन महिन्यांनी कळलं, तेही शेजारणीकडून. मी तेव्हा चिडले होते का? रडले होते, पण आतून कुठेतरी मला ते थोर वाटलं होतं. वयाने मोठा माणूस हात जोडून मागतोय, शिक्षक माणूस. दिला शब्द.

तरी गप्प बसले नाही. निखिल आत आल्यावर म्हटलं, "अरे, तिथे फिरा नावाच्या गावात एक छान हॉटेल आहे, रस्त्याला लागून. तीनच पायऱ्या. किंवा बीचच्या बाजूला रहा, तिकडे सगळं सपाट आहे."

"बीच?" तो म्हणाला. "मावशी, बीचलाच जायचं तर मर्टल बीच आहे की चार तासांवर. बाबा आयुष्यात पहिल्यांदा युरोपला चाललेत. व्ह्यू नाही तर सॅन्टोरिनी कशाला?"

"वय असतं रे."

"बाबा, तुमचं वय झालं म्हणतायत मावशी!"

आणि सरांनी टेबलावर थाप मारली. "कोणाचं वय? चल, इथेच उठाबशा काढून दाखवतो!"

सगळे हसले. मी ते हॉटेल बुक केलं.

या धंद्यात 'रूम फुल आहे' हे वाक्य मी हजार वेळा खोटं बोलले आहे. गिऱ्हाईक चुकीच्या हॉटेलसाठी हट्ट धरतं तेव्हा हेच बोलायचं असतं, आम्ही सगळेच बोलतो. त्या दिवशी तोंडातून निघालं नाही. का नाही निघालं, याचा मी इतका विचार केलाय की आता विचाराला चवच राहिली नाही.

मी आपली माझ्या परीने तजवीज केली. सामानाला माणूस सांगितला. हॉटेलला लिहून ठेवलं की वरून तिसऱ्या वळणावर खुर्ची ठेवा. बोट दुपारी साडेतीनची होती, तर निखिलच्या कागदावर लिहिलं की बारापूर्वी, ऊन चढायच्या आत, वर येऊन बसा. वहिनींना फोन करून बजावलं की जिभेखालची गोळी हाताशी ठेवा. एवढं करून मला वाटलं, झालं.

तीन दिवस निखिल मला फोटो पाठवत होता. सर कट्ट्यावर लाल टोपी घालून बसलेत, समोर निळा समुद्र, हातात फाव्याची वाटी. खाली निखिलने लिहिलं होतं, 'बाबा हलायलाच तयार नाहीत. म्हणतात, स्वर्ग सापडला.'

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला मी चहा गाळत होते. तिकडे अडीच वाजले होते. निखिलचा फोन.

"मावशी, बाबा पडले. पायऱ्यांवर. अँब्युलन्स वर आलीय पण खाली कशी... मावशी, हॉटेलवाल्यांना सांगा ना काहीतरी!"

मी हॉटेलला दुसऱ्या फोनवर लावलं. हॉटेलच्या पोरांनी सरांना चादरीत घालून वर आणलं, साठ की सत्तर पायऱ्या. बेटावरच्या दवाखान्यात नेलं. मला पुन्हा फोन आला तोपर्यंत चहा पातेल्यातच होता. या वेळी अदिती बोलत होती. ती नुसतं "मावशी, बाबा..." एवढंच म्हणाली.

पुढचे आठ दिवस मी काय केलं ते सांगते, कारण हाही धंद्याचाच भाग आहे आणि याबद्दल कोणी लिहीत नाही. परदेशात माणूस गेला की आधी पोलिसांचे कागद, मग डॉक्टरांचे, मग आपली वकिलात. बेटावर दहनाची सोय नाही. अचानक मृत्यू म्हणून पोस्टमॉर्टेमसाठी त्यांना अथेन्सला नेलं. मला तिथे एलेनी नावाची एक एजंटबाई ओळखते, ती बिचारी या ऑफिसातून त्या ऑफिसात माझ्या फोनवर पळत होती. सरांचं अथेन्स-मुंबई तिकीट मीच काढलं होतं, खिडकीची सीट, शाकाहारी जेवण. ते कॅन्सल केलं आणि त्याच मार्गावर कार्गोचं बुकिंग केलं. कार्गोच्या फॉर्मवर वजन विचारतात. मी निखिलला विचारलं नाही. जुन्या व्हिसा फॉर्मवरून अंदाजाने लिहिलं.

महिन्याभराने पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट माझ्याकडे आला, कारण सगळा पत्रव्यवहार माझ्या पत्त्यावर होता. ग्रीकमध्ये होता. एलेनीने भाषांतर करून पाठवलं. हृदयविकार, आणि दोन रक्तवाहिन्यांत जुने स्टेंट.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून वहिनींचा फोन आला.

"रिपोर्ट आला का, ताई?"

"आला."

"त्यात ते आहे?"

"आहे."

मग म्हणाल्या, "निखिलला देऊ नका. तो म्हणेल, आई, तुला माहीत होतं. ताई, गोळीची डबी माझ्या पर्समध्ये होती. माझे गुडघे असे, म्हणून मी अदितीचा हात धरून आधीच वर येऊन बसले होते. पर्स माझ्या मांडीवर होती." त्या रडत नव्हत्या, हे मला जास्त लागलं. "नवरा गेला. आता पोराच्या मनातून उतरले तर मला जागा नाही. मी असेपर्यंत तरी नका देऊ."

मी निखिलला सांगितलं, रिपोर्टमध्ये नुसतं हार्ट अटॅक म्हटलंय. त्याने कागद मागितलाही नाही. "ठीक आहे मावशी," म्हणाला. रिपोर्ट मी फाईलच्या कपाटात खालच्या खणात ठेवला.

यातून काय झालं ते बघा. निखिलच्या लेखी त्याचे वडील रोज गड चढणारा ठणठणीत माणूस होते. असा माणूस मेला तो केवळ निखिलने हट्टाने घेतलेल्या हॉटेलच्या पायऱ्यांमुळे. दुसरं कारणच नव्हतं त्याच्याकडे. गणपतीला मंडळात भेटला की आधी पाया पडायचा, मग पायांकडेच बघत म्हणायचा, "तुम्ही सांगत होतात मावशी, रस्त्यालगतचं घे म्हणून. मीच ऐकलं नाही." दर वर्षी. आणि मी दर वर्षी त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, "असं मनाला लावून घेऊ नकोस रे." थू माझ्या तोंडावर. एकदा रियाला विचारलं, यंदा समरमध्ये कुठे जाणार? तर म्हणाली, "डॅड डझन्ट डू ट्रिप्स एनीमोर." मग म्हणाली, "ही काउंट्स स्टेअर्स." जिना दिसला की तो पायऱ्या मोजतो.

कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण सांगितलं तर त्याची आई जाते. नाही सांगितलं तर तो असाच पायऱ्या मोजत राहतो. वहिनींना मी दोनदा फोनवर विनवलं. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलून पाऊसपाण्याचं विचारलं. तिसऱ्यांदा मी विनवलं नाही.

या वर्षी वहिनी गेल्या. झोपेत गेल्या. निखिल साताऱ्याला जाऊन सगळं करून आला. तो परत आल्यावर महिनाभर मी स्वतःला कारणं दिली आणि मग एका रविवारी दुपारी रिपोर्टचं पाकीट घेऊन त्याच्या घरी ड्राइव्ह करत गेले. वाटेत मी अगदी ठरवून ठेवलं होतं. आधी त्याला सांगायचं की तुझी चूक नव्हती. माझी खात्री होती की तो आधी चिडेल, मग रडेल, आणि मग त्याचं ओझं उतरेल. माझंही उतरेल, हे मनातल्या मनातसुद्धा मी स्पष्ट म्हटलं नव्हतं.

आम्ही मागच्या डेकवर बसलो. अदिती रियाला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली होती. मी पाकीट दिलं. त्याने आधी ग्रीक कागद उलटासुलटा बघितला, मग भाषांतर वाचलं. परत वाचलं.

"दोन स्टेंट," तो म्हणाला.

"हो."

"आईला माहीत होतं?"

"हो."

"तुम्हाला?"

"हो रे बाळा."

"कधीपासून?"

"तुम्ही सगळे माझ्या ऑफिसात आला होतात ना, तू कॉल घ्यायला बाहेर गेलास. तेव्हापासून."

"म्हणजे मी पार्किंगमध्ये होतो," तो म्हणाला. "दाराच्या बाहेर."

मी बोलत सुटले. सरांनी शब्द घेतला होता, वहिनींनी नंतर घेतला, पर्समधली डबी, ते जुने फोटो, सगळं. आणि शेवटी म्हटलं, "म्हणून सांगते निखिल, तुझी काही चूक नव्हती. ते आजारी होते. हॉटेलचं तू मनातून काढून टाक."

तो चिडला नाही. रडलाही नाही. कागदाची घडी आधी होती तशीच घालत बसला.

"हॉटेलचं नाहीच आहे मावशी," तो म्हणाला. "हॉटेलचं मी लोकांना सांगतो. तेवढं सांगता येतं म्हणून. बाबा बाराच्या आत वर येऊन बसणार होते, तुम्ही लिहून दिलं होतंत तसं. मीच म्हटलं, शेवटचं जेवण खालीच जेवू, एवढं काय. मग निघायला दोन वाजून गेले. आई, अदिती, रिया पुढे गेल्या. मी बिल करून निघालो आणि बाबांना ओलांडून वर गेलो, टॅक्सी थांबवायला. ते मध्ये बसले होते. पहिल्यांदा बसले, उठले. दुसऱ्यांदा बसले, उठले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा टॅक्सीवाला हॉर्न द्यायला लागला."

शेजारच्या अंगणात कोणीतरी गवत कापत होतं, त्या मशीनच्या आवाजातच तो पुढे सांगू लागला.

"मी वरून ओरडलो. म्हटलं, काय बाबा, रोज अजिंक्यतारा चढणारा माणूस तुम्ही, आणि इथे बसलात? चला, उठा, बोट चुकेल! सगळ्यांसमोर. तिथले टुरिस्टसुद्धा बघून हसले. बाबापण हसले. त्यांनी टोपी नीट केली, मला असा सॅल्यूट केला, आणि उठले. सरळ चढायला लागले. आठ पायऱ्या. मी मोजल्यात."

मला त्याचा हात धरायचा होता. त्याने तो कागदावर ठेवला होता, मी तो तसाच राहू दिला.

"तुम्ही सांगितलं असतंत ना मावशी," तो म्हणाला, "तर मी हाक मारली नसती."